दुसरा बाण

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत वारला, हे कोकणात बहुतेकांना ठाऊक आहे. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला कुटुंबासह देशाबाहेर काढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिथेच नजरकैदेत होता. पर्यटक थिबा पॅलेस पाहतात, खाडीकडे तोंड करून फोटो काढतात आणि पुढे जातात. पण राजा गेल्यावर त्याच्या देशात जे सुरू झालं, त्याचा धागा आज इगतपुरीच्या डोंगरापर्यंत आणि अमेरिकेतल्या इस्पितळांपर्यंत येऊन पोचला आहे.

ब्रह्मदेशात राजा हा भिक्खुसंघाचा आश्रयदाता असे. तो आश्रयच तुटला, तेव्हा आता बुद्धाची शिकवण टिकणार कशी, हा तिथल्या लोकांपुढचा खरा प्रश्न होता. लेडी सयाडो (1846–1923) या विद्वान भिक्खूंनी त्याचं उत्तर विहाराबाहेर शोधलं. राजा राखणार नसेल तर शेतकरी, व्यापारी, गृहिणी यांनी राखावं. त्यासाठी त्यांनी अभिधम्मासारखा अवघड विषय सोप्या बर्मी भाषेत लिहिला, गावोगाव फिरून प्रवचनं केली आणि ध्यान गृहस्थांनाही जमतं, असा विश्वास दिला. तोवर सामान्य माणसाचा धर्म म्हणजे प्रामुख्यानं दान, शील आणि पुण्य. ध्यान हे अरण्यात राहणाऱ्या थोड्या भिक्खूंचं काम मानलं जाई. संसारी माणसानं दहा-पंधरा दिवस काढून ध्यान शिकावं आणि परत आपल्या कामाला लागावं, ही आज आपल्याला साधी वाटणारी कल्पना जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे. एका राज्याच्या पराभवातून ती उभी राहिली.

लेडी सयाडोंचे एक शिष्य सया तैजी हे स्वतः शेतकरी. त्यांच्याकडे शिकले ऊ बा खिन, जे पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले आणि आपल्या कचेरीतल्या माणसांनाही ध्यान शिकवू लागले. मंडालेत जन्मलेला एक मारवाडी व्यापारी 1955 मध्ये त्यांच्याकडे आला. हे सत्यनारायण गोएंका. अर्धशिशीनं ते इतके हैराण होते की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. गोएंका स्वतः सांगत की ऊ बा खिन यांनी आधी त्यांना नकार दिला. डोकेदुखी घालवण्यासाठी ही साधना वापरायची असेल तर तो तिचा अपमान आहे. मनाचे विकार जावेत म्हणून ये, डोकेदुखी गेली तर ती वरकड मिळकत समज. या नकारात ध्यानाविषयीचा सगळा आधुनिक वाद सामावलेला आहे. ध्यान हे दुखण्यावरचं औषध आहे, की दुःखाकडे पाहण्याची सबंध रीतच बदलणारा मार्ग? दोन्ही बाजूंनी आज जगभर माणसं उभी आहेत.

गोएंका 1969 मध्ये भारतात आले. पहिलं शिबिर मुंबईत झालं. 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र सुरू झालं. आता या परंपरेची जगभरात दोनशेहून अधिक केंद्रं आहेत. गोराईचा पॅगोडा 2009 मध्ये खुला झाला, त्याच्या बिनखांबी घुमटाखाली आठ हजार माणसं एका वेळी बसू शकतात. ब्रह्मदेशातल्याच महासी सयाडोंच्या परंपरेतून दुसरी शाखा निघाली. बोधगयेत आणि आग्नेय आशियात शिकलेल्या काही तरुण अमेरिकनांनी 1970 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरे या गावी केंद्र काढलं. त्याच राज्यात, वूस्टरच्या विद्यापीठ-इस्पितळात, जॉन कबाट-झिन या रेणवीय जीवशास्त्रज्ञानं 1979 मध्ये एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्याकडे येणारे रुग्ण म्हणजे ज्यांच्या वेदनेवर डॉक्टरांचे उपाय थकले होते असे. बुद्ध, पाली, पुनर्जन्म हे सगळं बाजूला ठेवून त्यानं फक्त श्वास, शरीर आणि लक्ष एवढं उचललं. पहिल्या दिवशी लोकांना एक मनुका हातात देऊन ती पाहायला, हुंगायला आणि सावकाश खायला सांगत. माइंडफुलनेस हा शब्द आज कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात आणि मोबाइलच्या अॅपमध्ये ऐकू येतो, त्याचा उगम बराचसा या वर्गात आहे. ऊ बा खिन यांनी जे दार लावून धरलं होतं, ते कबाट-झिननं सताड उघडलं. मला दोघांचंही पटतं. उपचार संपलेल्या माणसाला तू आधी मोक्षाची इच्छा धर, असं सांगता येत नाही.

प्रत्यक्षात या साधनेत होतं काय, हे पाहिल्याशिवाय तिच्याविषयीच्या दाव्यांची पारख होत नाही. इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर घेऊ. पहाटे चारला घंटा, रात्री नऊला दिवस संपतो, मधले दहा-एक तास बैठक. आर्य मौन म्हणजे बोलणं तर नाहीच, खाणाखुणाही नाहीत. फोन, पुस्तक, वही जमा. फी नाही, आधीच्या साधकांच्या दानावर चालतं आणि स्वयंपाकघरापासून निवासापर्यंतचं काम धम्मसेवक करतात. सुरुवातीला पंचशील घ्यावं लागतं. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाजाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. श्वास बदलायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कुठला मंत्र जोडायचा नाही. एवढं सोपं काम दोन मिनिटंही जमत नाही, हा बहुतेकांना बसणारा पहिला धक्का. मन घरच्या भांडणात जातं, गेल्या वर्षीच्या अपमानात जातं, दहाव्या दिवसानंतर काय खायचं यात जातं.

चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत जिथे जी संवेदना असेल ती जाणायची. खाज, उष्णता, मुंग्या, दाब, काहीच नाही. हवीशी असली तरी धरायची नाही, नकोशी असली तरी झटकायची नाही. मग अधिष्ठानाची बैठक सुरू होते, तासभर हात, पाय, डोळे न हलवता. अर्ध्या तासानं गुडघा पेटतो. या गुडघ्यातच सगळा धडा आहे. वेदना नीट पाहू लागलं की तिचा एकसंध गोळा राहत नाही. ठणका येतो आणि ओसरतो, उष्णता इकडून तिकडे सरकते, मध्ये क्षणभर काहीच नसतं. त्याच वेळी दुसरं काहीतरी चाललेलं असतं, जे गुडघ्यात नाही: अजून किती वेळ राहिला, पायाला काही झालं तर नसेल ना, शेजारचा कसा स्वस्थ बसलाय, मला कधी काही धड जमत नाही. ठणका आणि ही बडबड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात वाचून कळतं. पण अनुभवाला आलं की माणूस चकित होतो. बडबड थांबली की ठणका असतो, पण त्रास निम्म्याहून कमी झालेला असतो. पाय हलवायचाच नाही अशी काही जन्माची सक्ती नसते. पाय हलवण्याआधी मनात काय उठतं ते पाहायला मिळावं, एवढ्यासाठी तो तास.

बुद्धानं हे सांगताना दोन बाणांचा दाखला दिला आहे. संयुत्त निकायातल्या सल्लत्थ सुत्तात तो येतो. शरीराला वेदना झाली, हा एक बाण. त्यावर शोक, चिडचिड, हाय खाणं, हा दुसरा. न शिकलेल्या माणसाला दोन्ही लागतात. शिकलेल्याला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. या दाखल्यातलं पहिलं वाक्य आपण नेहमी विसरतो. पहिला बाण लागतोच. ज्याला संबोधी लाभली त्या बुद्धाचीही म्हातारपणी पाठ दुखत असे. प्रवचन मध्येच थांबवून, पाठ दुखते आहे, आता पुढचं तू सांग, असं सारिपुत्त किंवा आनंद या शिष्याला सांगून तो आडवा झाल्याचे प्रसंग पाली सुत्तांत नोंदलेले आहेत. शेवटच्या वर्षी बेलुव गावी तो मरणाच्या दारात गेला. ते दुखणं त्यानं सजगपणे सोसलं, असं महापरिनिब्बाण सुत्त सांगतं. सोसलं, असंच म्हटलं आहे. ध्यानानं दुखणं कायमचं नाहीसं होतं, असा दावा परंपरेनं आपल्या शास्त्याविषयीसुद्धा केला नाही. आज पाचशे रुपयांच्या कार्यशाळेत तो केला जातो.

या आढाव्यात मला जे मुख्य म्हणायचं आहे ते हेच. दुःखाचा जो भाग आपलं मन वेदनेवर चढवतं, त्या भागावर ध्यान काम करतं. तो भाग अनेकांच्या आयुष्यात फार मोठा असतो, म्हणून हे काम लहान नाही. पण पहिला बाण कुठून आला, कुणी मारला, तो पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं, या प्रश्नांना श्वासाकडे पाहून उत्तर मिळत नाही. ही हद्द ओळखली की ध्यानाबद्दलची बरीचशी भक्ती आणि बरीचशी चेष्टा दोन्ही गळून पडतात.

'वर्तमानात जगा' हा उपदेश याच कसोटीवर घासून पाहायला हवा. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2250 प्रौढांना दिवसातून मधूनमधून फोनवर विचारलं जाई: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि मन भरकटलेलं असताना माणसं कमी सुखी होती. काम कोणतं आहे यापेक्षा मन कुठे आहे यावरून त्यांच्या सुखाचा अंदाज जास्त चांगला येत होता. हा अभ्यास वर्तमानाच्या बाजूनं नेहमी पुढे केला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण कर्करोगानं हाडं दुखणाऱ्या माणसाचा वर्तमानच दुखरा असतो. मूल गमावलेल्या आईला या क्षणात राहा म्हणणं क्रूर आहे, कारण हा क्षण त्या मुलाशिवायचा आहे. सतिपट्ठान सुत्तात, जे बुद्धानं कुरू देशातल्या कम्मासधम्म या गावी सांगितल्याचं परंपरा मानते, क्षणात रमायला कुठेच सांगितलेलं नाही. काया, वेदना, चित्त आणि धर्म या चार ठिकाणी जे उठतं ते पाहायचं. ते कशामुळे उठलं, कशामुळे शमलं, तेही पाहायचं. क्रोध आला तर क्रोध आला हे कळलं पाहिजे, आणि कशानं आला तेही. म्हणजे यात चौकशी आहे. हल्लीच्या उपदेशातून ती चौकशी गळाली आणि शांत वाटणं तेवढं उरलं.

मुंबईत याच प्रश्नाला वेगळ्या बाजूनं भिडणारा एक माणूस होऊन गेला. निसर्गदत्त महाराज (1897–1981) यांचं विड्यांचं दुकान होतं आणि खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर त्यांची प्रश्नोत्तरं चालत. इंचगिरी संप्रदायातले सिद्धरामेश्वर महाराज त्यांचे गुरू. संवेदना बघा, असं ते सांगत नसत. 'मी आहे' ही जी जाणीव सगळ्या अनुभवांच्या आधी असते, तिलाच धरून बसा आणि दुःख कुणाला होतं ते शोधा, असं त्यांचं सांगणं. त्यांचा मराठी संवाद 'आय अॅम दॅट' या नावानं 1973 मध्ये इंग्रजीत आला आणि खेतवाडीची गल्ली जगाच्या नकाशावर गेली. तो संवाद इंग्रजीत नेणारे मॉरिस फ्रीडमन मूळचे पोलंडचे अभियंते. औंध संस्थानात राजानं प्रजेला सत्ता दिली, त्या राज्यघटनेच्या कामात ते होते, आणि आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची कल्पनाही त्यांचीच. 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तोच प्रयोग आहे. दुःख कुणाला होतं असं आत शिरून विचारणारा माणूस कैद्यांच्या बेड्या काढण्याच्याही खटपटीत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे निसर्गदत्तांना घशाचा कर्करोग झाला. तरी अखेरच्या काळापर्यंत ते येणाऱ्यांशी बोलत राहिले.

वारकरी परंपरेचा मार्ग याहून निराळा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगसाधनेचं तपशीलवार वर्णन असलं, तरी लोकांपर्यंत पोचलं ते नाम आणि पोचली ती संगत. 1630 च्या दुष्काळानं तुकारामांच्या घरातली माणसं नेली. त्यांनी त्या दुःखाकडे तटस्थपणे पाहिलं नाही. विठ्ठलाशी भांडले, रडले, गायले. एकट्यानं डोळे मिटून बसणं ज्यांच्या स्वभावात नाही, त्यांच्यासाठी टाळ आणि दिंडी ही पिढ्यानपिढ्या दुसऱ्या बाणावरचीच सोय होती. या विषयावरचं आधुनिक लेखन या वाटेची दखल क्वचित घेतं, कारण ती मोजायला अवघड आहे.

जे मोजलं गेलं त्याचं काय दिसतं? ध्यानावरच्या संशोधनाचा गेल्या पंचवीस वर्षांत पूर आला आहे, आणि त्यातलं बरंचसं कच्चं आहे: लहान गट, उत्साही संशोधक, तुलनेला धड दुसरा गट नाही. चांगल्या चाचण्या निवडून घेतल्या तर चित्र संयत पण आशादायक आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2014 मध्ये 47 चाचण्या, एकूण 3515 माणसं, एकत्र तपासली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाच्या कार्यक्रमांमुळे मध्यम खात्रीनं सांगता येईल असा थोडा फायदा दिसला. मात्र व्यायाम, औषध किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. 2022 मध्ये चिंताविकाराच्या 276 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना एस्सिटालोप्राम हे नेहमीचं औषध, निम्म्यांना आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा वर्ग. दोन्ही गटांत आराम जवळपास सारखा पडला. औषध नको असलेल्या किंवा न सोसणाऱ्या माणसाला ही बातमी खरोखर मोलाची आहे.

सर्वांत बोलका निष्कर्ष नैराश्याच्या अभ्यासातून आला. एकदा नैराश्य येऊन गेलेल्या माणसाला ते पुन्हा येण्याचा धोका असतो, आणि प्रत्येक झटक्यानंतर तो वाढत जातो. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल या तिघांनी असा तर्क केला की, अशा माणसात साधी उदासीसुद्धा जुन्या विचारांची साखळी ओढून आणते: मी नालायक, माझं सगळं असंच होतं. ही साखळी सुरू होतानाच दिसली आणि विचार हा विचार म्हणून ओळखता आला, तर ती तुटेल. 2000 साली आलेल्या त्यांच्या चाचणीत तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांमध्ये नेहमीचे उपचार घेणाऱ्या 66 टक्क्यांना पुन्हा नैराश्य आलं. ध्यानाचा वर्गही केलेल्यांमध्ये 37 टक्क्यांना. पण ज्यांना दोनच झटके आले होते त्यांना काही फायदा झाला नाही. त्या संशोधकांना वाटलं की या दुसऱ्या गटाचं नैराश्य बहुधा आयुष्यातल्या ताज्या आघातांतून येत असावं. मला यात दोन बाणांची गोष्ट आकड्यांत उतरलेली दिसते. जिथे मनाचं जुनं दळण दुःख ओढून आणतं तिथे सजगता उपयोगी पडली. जिथे बाहेरून घाव बसला तिथे ती तितकी चालली नाही. पुढे 2015 मध्ये 'लॅन्सेट'मधल्या 424 रुग्णांच्या चाचणीत, ध्यानाचा वर्ग करून औषध कमी करत नेणारे आणि औषध चालू ठेवणारे, यांच्यात दोन वर्षांत फारसा फरक दिसला नाही: 44 आणि 47 टक्के. चमत्कार नाही, पण एक खरा पर्याय आहे.

मेंदू बदलतो, या दाव्याचा मात्र बोभाटा झाला. आठ आठवड्यांत मेंदूचे अमुक भाग जाड झाल्याची चित्रं अजून व्याख्यानांत दाखवली जातात. 2022 मध्ये अधिक मोठ्या आणि काटेकोर अभ्यासात आठ आठवड्यांच्या वर्गानंतर मेंदूच्या रचनेत असा बदल आढळला नाही. ध्यानाला प्रतिष्ठा यावी म्हणून मेंदूचा आधार घ्यावा लागतो, हे मला नीटसं पटत नाही. गुडघ्याचा ठणका आणि मनाची बडबड वेगळी दिसली, हा अनुभव स्कॅनशिवायही खरा आहे.

दुसरी एक गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. ध्यान सर्वांना मानवतंच असं नाही. 2020 मध्ये 83 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात ध्यान करणाऱ्या सुमारे 8 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याची नोंद आहे. चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण त्यात सर्वाधिक. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी ध्यान करणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. झोप उडणं, जुने आघात अचानक वर येणं, आपण आपल्यापासून तुटलो आहोत असं वाटणं, असे अनुभव त्यांना आढळले. यात आश्चर्य नाही. दहा दिवस मौन, कमी झोप, बाहेरचा सगळा आधार काढून घेतलेला, आणि मनात दडपलेलं सगळं समोर. बहुतेकांना यातून मोकळं वाटतं, काहींचा तोल जातो. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेलं असतं. तिथे खरं लिहावं. घरच्यांनी तर मुळीच लपवू नये. मनोविकाराची औषधं चालू असलेल्या तरुणाला, शिबिराला पाठवलं की ताळ्यावर येईल, अशा विचारानं औषध बंद करून पाठवणारी घरं आहेत. हे थांबलं पाहिजे. मनोविकारतज्ज्ञाला विचारून, आधी रोजच्या थोड्या वेळापासून, कुणाच्या तरी देखरेखीखाली सुरू करण्यात कमीपणा काही नाही.

आता हद्दीच्या पलीकडे जाऊ. महाराष्ट्रात हा विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वगळून पुरा होत नाही. त्यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. त्याआधी 1954 च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते रंगूनला गेले होते. पुढच्याच वर्षी त्याच शहरात गोएंका पहिल्यांदा ध्यानाला बसले. एकाच गावात, जवळपास एकाच वेळी, दोघं बुद्धाच्या वाटेवर होते, आणि दोघांना त्यात अगदी वेगळ्या गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या, निधनानंतर 1957 मध्ये निघालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका घेतली. जगणं दुःख, मरण दुःख, पुन्हा जन्म दुःख असेल तर माणसाला आशाच उरत नाही. मग हे बुद्धाचं मूळ सांगणं की भिक्खूंची नंतरची भर? समाधी किंवा विपश्यना हीच बुद्धाची मुख्य शिकवण मानणाऱ्यांचा उल्लेख करून त्यांनी पुढे विचारलं की, बुद्धानं न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांविषयी काही सांगितलं की नाही? बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करताना तर त्यांनी दुःखाच्या जागी शोषण हा शब्द ठेवून पाहायला सांगितलं.

हा नुसता अर्थाचा फेरफार नव्हे. ज्याला पाणवठ्यावरून हाकललं गेलं त्याला, हकालपट्टीची संवेदना तटस्थपणे पाहा, अनित्य आहे, जाईल, असं सांगणं म्हणजे मारणाऱ्याला मोकळीक देणं. बाण मारणारा समोर उभा असताना फक्त जखमेकडे पाहायला सांगणारी शिकवण कुणाच्या सोयीची असते, हा प्रश्न बाबासाहेबांनी उभा केला आणि ध्यानाच्या प्रत्येक पुरस्कर्त्यानं तो स्वतःला विचारायला हवा. अमेरिकेत रोनाल्ड पर्सर यांनी 2019 मधल्या पुस्तकात कंपन्यांच्या माइंडफुलनेसबद्दल हाच आक्षेप घेतला: कामाचे तास वाढवायचे आणि ताण आला की कर्मचाऱ्याला श्वास घ्यायला शिकवायचं. आपल्याकडे तो आक्षेप 60 वर्षं आधी, कितीतरी मोठ्या प्रश्नासंदर्भात घेतला गेला होता.

तरी मला गोएंका आणि बाबासाहेब यांना एकमेकांविरुद्ध उभं करावंसं वाटत नाही, कारण प्रत्यक्षात माणसांनी तसं केलेलं नाही. आंबेडकरी कुटुंबांतली हजारो माणसं इगतपुरीला जातात, विहारांमधून आनापान करतात, आणि मोर्चालाही जातात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संघरक्षित आणि लोकमित्र या इंग्रज बौद्धांच्या पुढाकारानं पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गणाचं काम सुरू झालं. दापोडीच्या विहारात आणि भाजे लेण्यांखालच्या शिबिरकेंद्रात ध्यान आणि मैत्रीभावना शिकवली जाते. त्याच चळवळीतून वस्त्यांमध्ये वसतिगृहं, बालवाड्या, आरोग्याची कामं उभी राहिली. लढणाऱ्या माणसालाही राग जाळतो, अपमान रात्री झोपू देत नाही. त्याच्या दुसऱ्या बाणाकडे पाहिलं म्हणून पहिल्याविरुद्धचा लढा सैल पडत नाही. उलट पुष्कळ दिवस लढायचं तर तेवढी उसंत लागतेच. तुरुंगांतही हे दिसलं. जयपूरच्या तुरुंगात 1975 मध्ये आणि दिल्लीच्या तिहारमध्ये 1994 साली, किरण बेदी तिथे तुरुंग महानिरीक्षक असताना, कैद्यांची शिबिरं झाली. तिहारच्या एका शिबिरात हजारावर कैदी बसले. अनेकांना आपल्या कृत्याकडे प्रथमच पाहता आलं. पण खटला सुरू व्हायची वाट पाहत वर्षानुवर्षं आत सडणाऱ्या कच्च्या कैद्याला मनःशांतीबरोबर तारीखही मिळायला हवी, आणि ती देणं न्यायालयाचं काम आहे.

राहता राहिली मुलं. महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभाग आणि विपश्यनेची संस्था यांचा 'मित्र' नावाचा उपक्रम आहे. वर्गात रोज काही मिनिटं आनापान करून घेतलं जातं. हेतू चांगला आहे आणि अनेक शिक्षक तो मनापासून राबवतात. पण ब्रिटनमधल्या 85 शाळांमधल्या 11 ते 14 वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवरच्या मोठ्या प्रयोगाचे निकाल 2022 मध्ये आले, तेव्हा माइंडफुलनेसचे तास घेतलेल्या मुलांची मनःस्थिती नेहमीच्या तासांतल्या मुलांपेक्षा बरी आढळली नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. शिक्षकांचा थकवा मात्र काहीसा कमी झाला होता. आपल्याकडची मुलं, वर्ग, घरं सगळं वेगळं आहे, त्यामुळे तिथला निकाल इथे जसाच्या तसा लागू होईल असं नाही. म्हणूनच इथे मोजायला हवं. राज्यातल्या काही जिल्ह्यांत चिठ्ठ्या टाकून शाळा निवडाव्यात, निम्म्यांत आधी नुसत्या शिक्षकांना साधना द्यावी, निम्म्यांत मुलांना. वर्षभरानं मुलांची झोप, मारामाऱ्या, गैरहजेरी, परीक्षेची भीती आणि शिक्षकांची छडी या सगळ्यांच्या नोंदी घ्याव्यात, आणि निकाल कसाही लागला तरी तो मराठीत छापून पालकांच्या हाती द्यावा. दानावर आणि विश्वासावर एवढी मोठी परंपरा उभी करणाऱ्या राज्याला एवढी चाचणी झेपण्यासारखी आहे.